'लिटरेट' कोणास म्हणावे?



एखाद्या सरकारी कागदावर घरातील माणसांची माहिती भरण्याची वेळ आपणां सर्वांवर केव्हा ना केव्हा येते. नाव, वय, नाते हे रकाने झटपट भरले जातात. 'शिक्षण' ह्या रकान्यापाशी मात्र लेखणी जरा थबकते. मुलगा बारावी, मुलगी दहावी, वडील चौथी. आणि दादीअम्मा? क्षणभर विचार होतो आणि 'निरक्षर' असे लिहून कागद पुढे सरकविला जातो. वास्तविक दादीअम्मा रोज फजरच्या नमाजानंतर कुराणशरीफ उघडतात, अक्षरांवरून बोट फिरवीत पान न् पान वाचतात, जेर-जबरची चूकही करीत नाहीत. तरी कागदावर त्या निरक्षर! हा निवाडा कोणी केला व केव्हा केला, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आपला 'साक्षर' हा शब्द आजच्या अर्थाने इंग्रजी 'लिटरेट' ह्या शब्दाची छाया आहे. मूळ संस्कृतात साक्षर म्हणजे विद्वान. शेजारच्या गुजरातीत हा अर्थ जुन्या पिढीपर्यंत जिवंत होता. तेथे 'साक्षर' म्हणजे मोठा साहित्यिक, आणि गोवर्धनराम त्रिपाठींसारख्या लेखकाला ही पदवी आदराने लावीत. मराठीत तोच शब्द अंगठ्याऐवजी सही करू शकणाऱ्या माणसापर्यंत खाली उतरला. शब्दांचेही दिवस फिरतात, ते असे.

पण मौज अशी की, खुद्द 'लिटरेट' ह्या शब्दाच्या बाबतीतही हेच घडले होते. लॅटिनमध्ये 'लिटेरा' म्हणजे अक्षर. मध्ययुगीन युरोपात 'लिटेराटुस' म्हणजे लॅटिन जाणणारा, आणि लॅटिन जाणणारा बहुधा पाद्री असे. एखादा सरदार आपल्या मातृभाषेतील पोथी खुशाल वाचीत असेल, पण लॅटिन येत नसेल तर तो अशिक्षितातच जमा. इंग्लंडमध्ये तर ह्या शब्दावर माणसाचा जीव अवलंबून असे. पाद्र्यांचे खटले धर्मपीठापुढे चालविण्याची तेथे सवलत होती आणि आरोपी पाद्री आहे की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे त्याला वाचता येते की नाही, ही होती. पुढे पुढे वाचता येणाऱ्या कोणालाही ती सवलत मिळू लागली. कैद्यापुढे बहुधा बायबलातील ५१ व्या स्तोत्राचा आरंभ ठेवीत. तो वाचला की फाशी टळे. साहजिकच काही बहाद्दरांनी एक अक्षरही ओळखत नसताना तेवढा भाग तोंडपाठ करून ठेवला! ही सवलत कायद्यातून १८२७ साली पूर्णपणे गेली. वाचणे आणि पाठ म्हणणे ह्यांत फरक कसा करावा, हा प्रश्न मात्र गेला नाही. आजच्या शिक्षकालाही तो पहिलीच्या वर्गात रोज पडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निरक्षरता दाखविणारा 'इल्लिटरसी' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो, पण 'लिटरसी' हा शब्द रूढ होऊ लागला तो १८८० नंतर. म्हणजे दोन शतके लोकांना उणिवेसाठी शब्द होता, गुणासाठी नव्हता. ज्याला येत होते त्याला नाव देण्याची गरज कोणाला वाटली नाही. बोट दाखविण्यासाठी मात्र शब्द तयार होता. मराठीतही पाहा, अक्षरशत्रू, अंगठेबहाद्दर, अंगठाछाप, अशी नावे ठेवण्यात आपणही मागे नव्हतो.

हा शब्द आपल्या देशात घरोघर पोहोचविला तो जनगणनेने. १८८१ व १८९१ च्या शिरगणतीत माणसांचे तीन वर्ग होते : शिकत असलेले, शिकत नसले तरी लिहिता-वाचता येणारे, आणि दोन्ही न येणारे. ह्यात गोंधळ होऊ लागला. नुकतीच पाटी घेतलेले मूल एका ठिकाणी पहिल्या वर्गात जाई, दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्यात. म्हणून १९०१ पासून साक्षर व निरक्षर असे दोनच वर्ग ठेवण्यात आले. त्या वर्षी हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम पाच-सव्वापाच माणसे साक्षर निघाली. पुरुषांत दहाच्या आत, आणि स्त्रियांत हजारी सहा.

मग १९११ ची शिरगणती आली. ह्या वेळी गणनेच्या सूचनांत साक्षरतेची एक कसोटी घालून देण्यात आली, आणि माझ्या मते तिच्याइतकी शहाणी कसोटी त्यानंतर कोणी केलेली नाही. ज्याला आपल्या मित्राला पत्र लिहिता येते आणि त्या मित्राचे आलेले उत्तर वाचता येते, तो साक्षर. एवढेच. इयत्ता विचारली नाही, परीक्षा विचारली नाही, भाषाही कोणतीही चालेल. पण ह्याच कसोटीने आपल्या दादीअम्मांच्या पिढीतील असंख्य स्त्रिया एका फटक्यात निरक्षर ठरल्या. त्यांना वाचता येत होते, लिहिता येत नव्हते. आणि जे वाचता येत होते त्या भाषेत त्यांचा कोणी मित्र त्यांना पत्र पाठविणार नव्हता!

येथे आपल्या घरातील शब्दांकडे वळले पाहिजे. उर्दूत लिहिता-वाचता येणाऱ्याला 'ख्वांदा' म्हणतात आणि न येणाऱ्याला 'नाख्वांदा'. पण मकतबाच्या जगात आणखी बारकावे आहेत. कायदा संपवून सिपाऱ्याला लागलेले मूल 'नाजरा' शिकते, म्हणजे पाहून वाचते. ज्याला सारे कुराण मुखोद्गत आहे तो हाफिज. अर्थ, व्याकरण व भाष्य शिकून जो बाहेर पडतो तो आलिम. नाजरा करणाऱ्याला आपल्या वडीलधाऱ्यांनी कधी आलिम म्हटले नाही, आणि नाख्वांदाही म्हटले नाही. प्रत्येक पायरीला तिचे नाव होते. शिरगणतीच्या कागदावर मात्र पायऱ्या नाहीत, उंबरठा तेवढा आहे. एक तर आत, नाही तर बाहेर. १९५१ च्या जनगणनेत 'वाचता येते पण लिहिता येत नाही' अशांसाठी निराळी खूण ठेवण्यात आली होती हे खरे. आजची व्याख्या मात्र अशी आहे : कोणत्याही एका भाषेत समजून-उमजून लिहिता आणि वाचता आले पाहिजे. 'समजून' हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. अरबी न जाणता नाजरा वाचणे ह्या व्याख्येत बसत नाही, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर बसूही नये. परंतु ज्या डोळ्यांना उजवीकडून डावीकडे सलग ओळ धरण्याची चाळीस वर्षांची सवय आहे, त्यांना उर्दू वाचायला शिकविणे आणि कोऱ्या पाटीवर आरंभ करणे ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोघांनाही 'निरक्षर' म्हणून एकाच बाकावर बसविण्यात आपल्या प्रौढवर्गांनी फार वेळ दवडला, असे मला वाटते.

('इक्रा' ह्या पहिल्या शब्दाविषयी मी येथे लिहीत नाही. ह्याच स्मरणिकेत त्यावर निदान दोन लेख असतील, ही माझी खात्री आहे.)

आता आपल्या माजरीकडे येऊ. वरोरा आणि भांदक ह्यांच्या मधले हे जंक्शन, येथून वणीकडे फाटा जातो. भोवती कोळशाच्या खाणी. १९७३ साली त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्सचा कारभार आला. खाणीने माणसे आणली ती चारी दिशांची. तेलुगू बोलणारे आले, छत्तीसगडी आले, उत्तर प्रदेश-बिहारकडचे आले. मूळचे मराठी व गोंडी बोलणारे येथे होतेच. आता फलाटावर उभे राहून स्टेशनचा फलक पाहा. नाव देवनागरीत आहे आणि रोमन लिपीत आहे. तेलुगूत पाचवी शिकलेला माणूस हा फलक वाचू शकत नाही. केवळ उर्दू वाचणारी खालाही वाचू शकत नाही. जनगणनेत दोघेही साक्षर आहेत, आणि फलाटावर दोघेही शेजाऱ्याला विचारतात, "भाईसाब, माजरी आली का?"

गोंडी बोलणाऱ्यांची गोष्ट तर आणखी निराळी. आपल्या पलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडी हस्तलिखिते मिळाली, त्यांची लिपी स्वतंत्र आहे. तिला २०१८ साली संगणकाच्या जागतिक वर्णसंचात स्थान मिळाले. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम ह्यांनी १९१८ साली दुसरी एक गोंडी लिपी तयार केली होती, तिलाही २०१७ मध्ये तेथे जागा मिळाली. ज्या समाजाला आपण बिनदिक्कत 'अक्षरओळख नसलेला' म्हणत आलो, त्याच्या नावावर दोन लिप्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्याची साक्षरता २०११ साली ८० टक्के होती, गडचिरोलीची ७४. हे आकडे वाचताना गोंडी मुलाने प्रथम परक्या भाषेची आणि मग तिच्या अक्षरांची, अशा दोन भिंती ओलांडलेल्या असतात, हे विसरू नये.

खाणीत अक्षराला काय किंमत आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना घरीच ठाऊक असेल. मायनिंग सरदाराला पाळीमध्ये आपल्या हद्दीची तपासणी करून तिचा अहवाल नोंदवहीत लिहावा लागतो. छत कसे आहे, वायू आढळला का, हवा खेळती आहे का. पुढच्या पाळीचा माणूस ती नोंद वाचतो आणि मग माणसे आत जातात. १९११ च्या कसोटीतील मित्राला लिहिलेले पत्र म्हणजे काय, हे येथे समजते. एकाने लिहिले, दुसऱ्याने वाचले, आणि वाचलेले त्याला समजले नाही तर काय होईल हे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण मनीऑर्डरचे. ही सोय आपल्या देशात १८८० पासून सुरू झाली. त्या जुन्या फॉर्मच्या तळाशी चार ओळी मजकूर लिहिण्यापुरती जागा असे. घर सोडून रोजगाराला गेलेला माणूस ती दुसऱ्याकडून लिहवून घेई आणि गावी ती दुसराच कोणी वाचून दाखवी. नवऱ्याचे बायकोला असलेले चार शब्द दोन परक्या माणसांच्या तोंडून जात. पैसे घेताना ती अंगठा देई आणि साक्षीदार सही करी. ती कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. निरोपाच्या त्या चार ओळींत कितीक गोष्टी सांगावयाच्या राहून गेल्या असतील, त्यांची गणना कोणत्या शिरगणतीत होणार?

अंगठ्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपण त्याला लाजेची खूण मानून बसलो आहोत. जुन्या मराठी कागदपत्रांत लिहिता न येणारा पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी, आणि त्या निशाणीला सहीचीच प्रतिष्ठा होती. इंग्लंडात १७५४ पासून नवरा-नवरीने विवाहनोंदीत सही करण्याचा कायदा आला, तेव्हा ज्यांना लिहिता येत नसे ते फुली करीत. हाताचा ठसा घेण्याची कल्पना १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्याने एका करारात वापरली. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघा हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता, आणि १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय सुरू झाले. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यानेही, ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची निशाणी ही सहीच धरली आहे. आणि आता तर आधारच्या यंत्रावर प्राध्यापकही बोट टेकवितो व हमालही. तेव्हा अंगठा देणे ही शरमेची बाब राहिलेली नाही. धोका आहे तो अंगठ्याच्या वरच्या मजकुरात. 'वाचून दाखविले, समजले, कबूल आहे' ह्या तीन शब्दांखाली न वाचता, न समजता कबूल केलेली शेते ह्या मुलखात थोडी नाहीत.

हे सारे ओळखून ज्यांनी काम केले अशा एका बाईंचे नाव आपल्या मुलींना माहीत असले पाहिजे. कुलसुम सयानी. जन्म १९००, मृत्यू १९८७. रेडिओवरील अमीन सयानी ह्यांच्या त्या मातोश्री, पण त्यांची ओळख एवढीच करून देणे हा अन्याय होईल. मुंबईत पडद्यातील मुसलमान स्त्रिया वर्गाला येऊ शकत नव्हत्या, तेव्हा शिक्षण त्यांच्या घरी नेण्याचे काम कुलसुमबेनांनी हाती घेतले. लवकरच एक अडचण पुढे आली. शिकलेल्या बाईने पुढे वाचावयाचे काय? वर्तमानपत्राची भाषा जड, पुस्तके महाग. वाचावयास काही नसले की शिकलेले अक्षर सहा महिन्यांत पुसले जाते. म्हणून १९४० साली त्यांनी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढले. त्याची भाषा सोपी हिंदुस्तानी, पण छपाई तीन लिप्यांत : उर्दू, नागरी आणि गुजराती. तेच बोलणे, तोच मजकूर. जी ज्या लिपीत शिकली तिने त्या लिपीत वाचावा. वीस वर्षे हे पत्र चालले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली आणि १९६९ मध्ये त्यांना नेहरू साक्षरता पारितोषिक मिळाले. लिपीवरून त्या काळी केवढे वाद पेटले होते हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. कुलसुमबेनांनी वादात न पडता तीन छापे काढले. ज्या बाईला वाचावयाचे होते तिच्या बाजूने विचार केला म्हणजे कित्येक भांडणे अशी आपोआप लहान होतात.

आता आकड्यांकडे. विद्यार्थी मित्रहो, हा भाग तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन वाचा. २०१६ साली वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली की, २०११ च्या जनगणनेनुसार मुसलमानांपैकी ४२.७ टक्के निरक्षर आहेत. सभांतून भाषणे झाली, आपल्यापैकी अनेकांनी माना खाली घातल्या. आकडा खोटा नव्हता. पण त्यात शून्य ते सहा वर्षांची बालकेही निरक्षर म्हणून धरलेली होती, पाळण्यातील तान्ह्यासकट! ह्याच हिशेबाने साऱ्या देशाचा आकडा ३६.९ येतो. १९९१ पासून साक्षरतेचे प्रमाण काढताना सात वर्षांखालील मुले वगळतात. तसे केले म्हणजे मुसलमानांची साक्षरता ६८.५ टक्के आणि देशाची ७३ टक्के ठरते. मागासलेपण आहेच, ते कोणी नाकारू नये. पण ४३ आणि ३१ ह्यांत फरक आहे, आणि तो केवळ 'निरक्षर कोणास म्हणावे' ह्या एका प्रश्नातून उपजला आहे. महाराष्ट्रात तर २००१ साली मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. हे ऐकून छाती फुगविण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. राज्यातील सुमारे सत्तर टक्के मुसलमान शहरांत राहतात, जेथे शाळा हाकेच्या अंतरावर असते. आणि सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे देशात वीस वर्षांवरील मुसलमानांपैकी पदवी वा पदविका घेतलेले शेकडा चारांहून कमी होते, सर्वसाधारण समाजात सात. उंबरठा ओलांडला, पण माडी चढलो नाही.

पालकांना मुलांविषयी एक प्रत्यक्ष सूचना कराविशी वाटते. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने प्रौढांसाठी काही मापे ठरविली होती. सोपा उतारा मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने मोठ्याने वाचणे, मनात ३५ शब्दांच्या वेगाने, पाहून मिनिटाला सात शब्द लिहिणे आणि ऐकून पाच. हे माप शेतातून दमून आलेल्या माणसासाठी होते. आपल्या पाचवीतल्या मुलाला घड्याळ लावून बसवा. देशभरातील ग्रामीण पाहणीत पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही असे वर्षानुवर्षे आढळत आले आहे, तेव्हा आपले मूल अडखळले तर त्याला मारू नका, आधी कोठे अडखळते ते पाहा. घरात उर्दू किंवा दखनीच्या वळणाची बोली, मकतबात अरबी अक्षर, शाळेत मराठी, आणि फलकावर इंग्रजी, इतक्या अक्षरांचे ओझे ते वाहत असते. जे मूल एका लिपीत खरोखर वाचू लागते ते दुसरीत लवकर रुळते. चारही अर्धवट राहिल्या तर मात्र दाखल्यावर इयत्ता चढत जाते आणि वाचन मागेच राहते. शाळेतून आलेली सूचना आई मुलाकडून वाचून घेते, आणि त्यात काय लिहिले होते ते मूल सोयीने सांगते, हे आपण सारे जाणतोच!

येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. गणक दारी येईल तेव्हा घाईने 'साक्षर' अथवा 'निरक्षर' सांगण्याआधी घरातील प्रत्येकाला १९११ ची ती जुनी कसोटी लावून पाहा. एक पोस्टकार्ड घ्या. ज्याला जी लिपी येत असेल त्या लिपीत मावशीला, चुलत्याला चार ओळी लिहू द्या. उत्तर आले की त्यालाच वाचू द्या. आणि दादीअम्मांना वाचता येत असूनही लिहिता येत नसेल, तर त्यांच्यासाठी पाटी आणा. अलिफ त्यांना ठाऊकच आहे, तो हाताने काढावयाचा तेवढा राहिला आहे.